ठसे, तारखा आणि दात : जुन्या स्पोर्ट्‌स कारचे मूळ भाग ओळखताना

वाचकांची या वेळची बहुतेक पत्रं इंजिन, गिअरबॉक्स आणि मागच्या ॲक्सलच्या अस्सलपणाबद्दल आहेत. धातूवरची अक्षरं रोमन असतात. इथे ती देवनागरीत दिली आहेत.

प्रश्न : १९६७ची शेव्हरोले कॉर्व्हेट घ्यायचा विचार आहे. इंजिन ३२७ घनइंचांचं. मालक म्हणतो, गाडी 'मॅचिंग नंबर्स' आहे, म्हणजे इंजिन गाडीचं मूळचंच आहे. ब्लॉकवरचा नंबर चासी नंबराशी जुळतो हे मी स्वतः पाहिलं. पण ठशाची जागा अगदी आरशासारखी गुळगुळीत आहे. हे काळजीचं कारण आहे का?

उत्तर : आहे. नंबर जुळणं ही फक्त सुरुवात असते. नंबर कोणीही, कधीही मारू शकतो. पण ज्या पृष्ठभागावर तो मारला जातो तो पृष्ठभाग पुन्हा तसाच तयार करणं फार अवघड असतं. म्हणून आधी अंक वाचू नका, अंकांखालचा धातू वाचा.

शेव्हरोलेच्या छोट्या व्ही-८ इंजिनात ठशाची पट्टी उजव्या सिलिंडर हेडच्या अगदी पुढे असते. हेड ज्या सपाटीवर बसतं तीच सपाटी पुढे येऊन ही पट्टी झालेली असते. कारखान्यात ही सपाटी ब्रोचिंग यंत्राने, म्हणजे ओळीने दात असलेल्या लांब कटरने, एका दमात कापली जाई. त्या कापणीच्या बारीक, सरळ, एकमेकींना समांतर रेषा इंजिनाच्या लांबीच्या दिशेने, म्हणजे पुढून मागे जातात. ठसा त्या रेषांवर मारलेला असतो. त्यामुळे रेष अंकाच्या कडेशी येऊन तुटते आणि पलीकडे त्याच ओळीत पुन्हा सुरू होते. तुमच्या वर्णनात या रेषाच नाहीत. पट्टी कधीतरी घासली गेली आहे, हे नक्की समजा. ती फेस मारताना (हेड बसायची सपाटी यंत्रावर कापून सरळ करताना) घासली गेली की नवा ठसा मारण्यासाठी, एवढाच प्रश्न उरतो. फेस मारताना घासली असती, तर मूळ ठसाही गेला असता किंवा निदान पुसट झाला असता. गुळगुळीत जागेवर ठसठशीत अंक असतील, तर ते नंतरचे आहेत.

काही जण पॉलिश पेपरने खोट्या रेषा काढतात. त्या दहापट भिंगाखाली लगेच कळतात. रेषांमधलं अंतर कमीजास्त असतं, आणि अंक ठोकताना कडेला उचलला गेलेला धातू जिथे असतो, त्याच्यावरूनही त्या जातात. अस्सल रेषा ठशाच्या आधीच्या असतात, त्यामुळे त्या उचललेल्या धातूवर चढू शकत नाहीत.

यानंतर अंक वाचा. पट्टीवर दोन वेगळे ठसे असतात. पहिला इंजिनाच्या कारखान्याचा. उदाहरणार्थ 'व्ही०३२२एचटी' : व्ही म्हणजे फ्लिंट, ०३२२ म्हणजे मार्चची २२ तारीख, आणि १९६७साठी एचटी म्हणजे ३५० अश्वशक्तीचं ३२७ इंजिन. दुसरा ठसा चासी नंबरातल्या शेवटच्या अंकांचा, तो गाडी जोडताना सेंट लुईसच्या कारखान्यात मारला जाई. दोन शहरं, दोन हात, पंचांचे दोन संच. दोन्ही ठशांची घडण, खोली आणि ओळ हुबेहूब एकसारखी असेल, तर ते एकाच माणसाने एकाच बैठकीत मारलेले आहेत. आणखी एक पडताळा घ्या : ३५० अश्वशक्तीचं हे इंजिन ऑटोमॅटिक गिअरबॉक्सबरोबर दिलं जात नसे. गाडी ऑटोमॅटिक असेल आणि ठसा एचटी असेल, तर दोन्हींपैकी एक गोष्ट बदललेली आहे.

शेवटी ओतणीची, म्हणजे ब्लॉक साच्यात ओतला त्या दिवसाची, तारीख पाहा. इंजिनाच्या मागे, बेलहाउसिंगच्या (क्लचभोवतीच्या कवचाच्या) फ्लँजवर उजवीकडे उठावाची अक्षरं असतात. ए म्हणजे जानेवारी, बी म्हणजे फेब्रुवारी, असं एलपर्यंत. मग दिवस, मग वर्षाचा शेवटचा अंक. 'सी ८ ७' म्हणजे ८ मार्च १९६७. डावीकडे ओतीव नंबर असतो, १९६७च्या ३२७ कॉर्व्हेटसाठी ३८९२६५७. ओतणी आधी, इंजिनाची जोडणी नंतर, गाडी सर्वांत शेवटी. ८ मार्चला ओतलेला ब्लॉक २२ मार्चला इंजिन झाला, हे पटतं. ओतणी 'डी १२ ७' आणि जोडणी ०३२२ असेल, तर ओतण्याच्या तीन आठवडे आधीच इंजिन तयार झालं असा अर्थ होईल. वर्षाचा एकच अंक असतो, त्यामुळे ७ म्हणजे १९७७सुद्धा असू शकतं. तारीख आणि ओतीव नंबर नेहमी जोडीने वाचा. ३९७००१० हा ओतीव नंबर दिसला तर बाकी काही पाहायची गरज नाही, कारण तो १९६९पासूनचा आहे.

गाडी चांगली असेल तर जरूर घ्या. पण इंजिन बदललेलं आहे असं धरूनच बोलणी करा.

प्रश्न : माझ्या इंजिनाचे ठसे मात्र अस्सल आहेत, रेषांसकट. हेड गॅस्केट दोनदा उडालं म्हणून मशीन शॉपवाला ब्लॉकचा फेस मारायला सांगतोय, दहा थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) काढावे लागतील म्हणतो. करू का?

उत्तर : आधी मोजा. स्वच्छ पृष्ठभागावर चांगला स्ट्रेट एज लांबीत, रुंदीत आणि दोन्ही कर्णांवर ठेवा आणि खालून फिलर गेज घालून पाहा. सहा इंचांत ०.००३ इंच किंवा पूर्ण लांबीत ०.००६ इंच यापेक्षा जास्त फट नसेल, तर फेस मारायचं कारण नाही. गॅस्केट उडण्याचं कारण तेव्हा दुसरीकडे शोधा : वाकलेलं हेड, ताणलेले बोल्ट, बोल्टच्या भोकांत साचलेला गाळ. भोकाच्या आट्यांत गाळ किंवा गंज असला की बोल्ट घासत अडतो, टॉर्क रेंच 'झालं' म्हणतो, पण हेडवर दाब पडलेलाच नसतो.

फट खरोखर जास्त असेल, तर फेस मारा, पण पट्टी वाचवून. ठसा काही थाऊच खोल असतो. दहा थाऊ काढले की तो संपला. अस्सल इंजिनांचे ठसे चोरीपेक्षा या साध्या दुरुस्तीत जास्त गेले आहेत, याचं आम्हाला फार वाईट वाटतं. हेडचा पुढचा काठ जिथे संपतो तिथे रंगाने ठळक रेघ मारा आणि कटर त्या रेघेवर थांबेल, असं जॉब कार्डवर लिहून घ्या. नुसतं तोंडी सांगून भागत नाही. रात्रपाळीच्या कामगारापर्यंत निरोप पोहोचत नाही. पट्टी हेडच्या बाहेर आहे, त्यामुळे ती दहा थाऊ उंच राहिली तरी हेड बसायला आडवी येत नाही. काम देण्याआधी पट्टीचे फोटो काढा. ब्लॉकला शॉट ब्लास्टिंग होणार असेल, तर पट्टीवर जाड रबर चिकटवून द्या. एका थराची टेप त्या माऱ्यात टिकत नाही.

प्रश्न : १९६७च्याच गाडीसाठी मन्सी (जनरल मोटर्सच्या मन्सी कारखान्याचा) चार-गिअरचा बॉक्स मिळतोय. विकणारा तो 'एम२२', म्हणजे त्यातला सर्वांत दणकट प्रकार, आहे म्हणतो, कारण इनपुट शाफ्टवर (इंजिनाची ताकद बॉक्समध्ये आणणाऱ्या दांड्यावर) एकही खाच नाही. केसवर ३९२५६६० आहे.

उत्तर : तुमच्या गाडीचा तो नाही, एवढं केसवरूनच ठरलं. ३८५१३२५ ही केस १९६४-६५ची, ३८८५०१० ही १९६६-६७ची आणि ३९२५६६० ही १९६८ ते १९७०ची.

आता एम२२चं. १९६६पासून इनपुट शाफ्टवर एम२०ला दोन खाचा, एम२१ला एक आणि एम२२ला एकही नाही, हे खरं. पण खाच लेथवर नाहीशी करता येते आणि इनपुट शाफ्ट वेगळा घालता येतो. खाच हा इशारा समजा, पुरावा नव्हे. बॉक्स टेबलावर घ्या, पहिला गिअर टाका, इनपुट शाफ्ट दहा फेरे फिरवा आणि मागचा शाफ्ट किती फिरला ते मोजा. जवळजवळ चार फेरे झाले तर पहिला गिअर २.५२चा, म्हणजे एम२०. साडेचार फेरे झाले तर २.२०, म्हणजे एम२१ किंवा एम२२. या दोघांची गुणोत्तरं एकच आहेत, म्हणून इथून पुढे मोजणी कामाची नाही. बाजूचं झाकण काढा आणि दातांचा तिरकेपणा पाहा. एम२०, एम२१चे दात साधारण ३४ अंशांत तिरके असतात, एम२२चे साधारण २०. फरक कोनमापकाशिवायही दिसतो. एम२२चे दात जवळजवळ सरळ वाटतात. या सरळपणामुळे शाफ्टवर बाजूचा दाब कमी येतो, बॉक्स जास्त ताकद सोसतो आणि त्यामुळेच तो चालताना घरघरतो.

झाकण काढताना बोल्टही मोजा. मन्सीला सात असतात. नऊ असतील तर तो बोर्ग-वॉर्नरचा टी-१० आहे. केस बिडाची असेल तर मन्सी नव्हेच. आणि इनपुट शाफ्टचे स्प्लाइन (क्लचमध्ये बसणारे लांबट दाते) मोजा : १९६७चा असेल तर दहा. २६ स्प्लाइन असतील तर आतला शाफ्ट आणखी नंतरचा आहे.

मन्सीच्या तारखेत एक फसगत आहे आणि जाणकारही तिथे अडखळतात. ठसा 'पी'ने सुरू होतो. १९६७पासून पुढे वर्षाचा अंक, महिन्याचं अक्षर आणि दिवस असतो. पण इथली महिन्याची अक्षरं इंजिनाच्या ओतणीसारखी ए ते एल नाहीत. जानेवारी ते मे ए, बी, सी, डी, ई. मग जून एच, जुलै के, ऑगस्ट एम, सप्टेंबर पी, ऑक्टोबर आर, नोव्हेंबर एस, डिसेंबर टी. 'पी७एच१४' हे १४ जून आहे. ब्लॉकची सवय असलेला माणूस ते ऑगस्ट वाचतो आणि चांगला बॉक्स गाडीनंतरचा ठरवून नाकारतो.

प्रश्न : १९६३ची जग्वार ई-टाइप, ३.८ लिटर. फायरवॉलवरच्या पट्टीवरचा इंजिन नंबर ब्लॉकशी जुळतो, आरने सुरू होतो, शेवटी ९ आहे. हेडवरचा नंबर वेगळा. गिअरबॉक्सचा नंबर 'ईजे'ने सुरू होतो. डिफरन्शियलवर कसलीच पट्टी नाही. यातलं काय मूळ धरायचं?

उत्तर : ब्लॉक मूळ धरा, बाकी एकेक पाहू.

एक्सके, म्हणजे ई-टाइपच्या इंजिनात तोच नंबर दोनदा मारलेला असे : ब्लॉकवर उजवीकडे तेलाच्या फिल्टरच्या वर आणि हेडच्या पुढच्या टोकाला. शेवटचा ८ किंवा ९ म्हणजे कॉम्प्रेशन ८:१ की ९:१. हेडचा नंबर वेगळा असेल तर हेड बदललेलं आहे. बिडाच्या ब्लॉकवर ॲल्युमिनियमचं हेड आहे. पाण्यात गंजरोधक नसेल तर पाण्याच्या वाटांभोवतीचं ॲल्युमिनियम खाल्लं जातं, इंजिन तापलं तर हेड वाकतं. साठ वर्षांत हेड बदललं जाणं हे नेहमीचं आहे. ते कुठून आलं ते मात्र पाहा. नंबर आरने सुरू होत असेल तर तेही ३.८ ई-टाइपचंच आहे आणि समाधान मानायला हरकत नाही. ७एल असेल तर ते जग्वारच्याच एक्सजे६ या गाडीचं. ३.८ ई-टाइपच्या हेडला मधल्या दरीत सोनेरी रंग असे, म्हणून सोनेरी रंग दिसला की लोक निश्चिंत होतात. रंगाचा डबा कोणालाही मिळतो.

'ईजे' हा ४.२ लिटरच्या गाडीचा, सर्व गिअरना सिंक्रोमेश (गिअर टाकताना दोन्ही भागांची गती जुळवणारी यंत्रणा) असलेला बॉक्स आहे. तो १९६४च्या शेवटी ४.२बरोबर आला. १९६३च्या गाडीत मॉस बॉक्स असायला हवा, नंबर 'ईबी'ने सुरू होणारा, पहिल्या गिअरला सिंक्रोमेश नसलेला. नंबर दोन ठिकाणी असतो : केसच्या मागच्या डाव्या कोपऱ्यातल्या खांद्यावर आणि वरच्या झाकणावर. दोन्ही पाहा, कारण झाकणं अदलाबदल होतात. मूळ नंबर फायरवॉलवरच्या पट्टीवर आहेच. जग्वार डेमलर हेरिटेज ट्रस्टचं प्रमाणपत्र मागवून त्याच्याशीही ताडून घ्या.

आमचं मत विचाराल तर, गाडी चालवायची असेल तर ४.२चा बॉक्स राहू द्या. तो सरस आहे आणि अनेक मालकांनी तो मुद्दाम बसवला. प्रदर्शनात गुणांकनासाठी उतरवायची असेल तर ईबी शोधा. त्या वेळी एकटा बॉक्स घेऊ नका. बेलहाउसिंग, क्लच आणि प्रॉपेलर शाफ्ट त्याच्याबरोबरचेच मिळवा. ३.८ला कॉइल स्प्रिंगचा क्लच आहे, ४.२ला डायफ्रामचा.

डिफरन्शियल हा सॉल्सबरीचा ४एचयू. मागच्या झाकणाच्या बोल्टखाली एक लहान पत्र्याची पट्टी असे; तिच्यावर दातांची संख्या : ४३-१३ म्हणजे ३.३१, ४६-१५ म्हणजे ३.०७, ४६-१३ म्हणजे ३.५४. पट्टी हरवणं सोपं, चुकीची लावणं त्याहून सोपं, म्हणून दातच मोजा. इंजिन बंद, गिअर न्यूट्रल, पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे, गाडी स्टँडवर, मागची दोन्ही चाकं हवेत. प्रॉपेलर शाफ्टवर आणि एका चाकावर खडूची खूण करा. चाक हाताने दहा फेरे फिरवा. शाफ्ट ३३ फेरे फिरला तर ३.३१, पावणेएकतीसच्या आसपास तर ३.०७, साडेपस्तीसच्या जवळ तर ३.५४. तुमच्या गाडीला बहुधा ३.३१ असावा, पण मागणीप्रमाणे इतर गुणोत्तरंही दिली जात.

ही मोजणी करताना दुसरं चाक काय करतं ते पाहा. त्याच दिशेने फिरत असेल तर आत पॉवर-लॉक (एकच चाक घसरून फिरू न देणारा डिफरन्शियल) आहे, जे असायला हवं. उलट दिशेने फिरत असेल तर आत साधा डिफरन्शियल आहे किंवा पॉवर-लॉकच्या चकत्या पूर्ण झिजल्या आहेत. तेव्हा दुसरं चाक पक्कं धरून पुन्हा मोजा आणि एक लक्षात घ्या : एक चाक धरलं की फिरणारं चाक क्राऊनच्या (डिफरन्शियलमधल्या मोठ्या दातेरी चक्राच्या) दुप्पट फिरतं, म्हणून दहा नव्हे, वीस फेरे द्यायचे. हे विसरून अनेकांनी ३.३१चा १.६५ मोजला आहे. ४एचयू एक्सजे६लाही होता, म्हणून साधा डिफरन्शियल निघाला तर तो तिथून आलेला असण्याची शक्यता मोठी. पॉवर-लॉक असताना एक चाक जमिनीवर ठेवून इंजिनाने चाक फिरवू नका. गाडी स्टँडवरून उडी मारते.

केस उघडलीच तर क्राऊन आणि पिनियन (त्याला फिरवणारं छोटं चक्र) यांच्यावरचे जोडीचे नंबर पाहा. दोन्हींवर एकच नंबर असतो, कारण कारखान्यात ते एकमेकांवर घासून जमवलेले असतात. नंबर वेगळे असतील तर ती जोडी आवाज करणारच. शिम (अंतर जुळवायच्या पातळ चकत्या) कितीही बदला, फायदा नाही.

प्रश्न : १९६५ची उघडी एमजीबी. ब्लॉकवर रिव्हेट केलेल्या पट्टीवर १८जीबी आहे. नंबर ब्लॉकमध्येच कोरलेला नसेल, तर ब्लॉक तोच आहे हे कसं कळणार? ओव्हरड्राइव्हही (वरच्या गिअरात इंजिनाचे फेरे कमी करणारा जोड) मूळचा आहे म्हणतात.

उत्तर : शंका रास्त आहे. पट्टी एका ब्लॉकवरून दुसऱ्यावर जाते. रिव्हेट पाहा : मूळ रिव्हेट भरीव, ठोकून बसवलेले. मध्ये भोक असलेले पॉप रिव्हेट असतील तर पट्टी एकदा तरी निघाली आहे. त्यानंतर ब्लॉकला विचारा. १८जी आणि १८जीए ही तीन मेन बेअरिंगची (क्रँकशाफ्टला आधार देणाऱ्या बेअरिंगची) इंजिनं, १८जीबीपासून, म्हणजे ऑक्टोबर १९६४पासून, पाच. पट्टी १८जीबी म्हणत असेल आणि ऑइल पॅन काढल्यावर तीनच मेन कॅप दिसल्या, तर पट्टी परकी. पाच बेअरिंगच्या इंजिनाला मागे रबरी ऑइल सील असतं, तीनच्या इंजिनाला नसतं. ब्लॉकवर ४८जीने सुरू होणारा नंबर असेल, तर ते कारखान्याने दुरुस्त करून बदली दिलेलं इंजिन आहे. ते मूळ नाही, पण तो लपवण्यासारखा दोषही नाही; तसंच नोंदवून ठेवा.

पहिलं इंजिन कोणतं, हे ब्रिटिश मोटर इंडस्ट्री हेरिटेज ट्रस्टच्या गेडन इथल्या संग्रहातून प्रमाणपत्र मागवून कळतं. आधी ते मागवा, मग पाना हातात घ्या.

१९६५च्या गाडीत तीन सिंक्रोमेशचा बॉक्स हवा. चौथा, म्हणजे पहिल्या गिअरचा सिंक्रोमेश १९६७च्या शेवटी, मार्क २बरोबर आला. गाडी हळू चालत असताना पहिला गिअर अलगद पडत असेल तर बॉक्स नंतरचा. हा बॉक्स मोठा आहे, जुन्या बोगद्यात मावत नाही. म्हणून आतला गालिचा उचलून बोगद्याचा पत्रा पाहा. कापून जोडलेल्या वेल्डिंगची रेघ कितीही घासली तरी खालच्या बाजूने दिसते. ओव्हरड्राइव्हचं तेच : तीन सिंक्रोमेशच्या बॉक्सवर लेकॉकचा डी-टाइप, चारवर एलएच. डी-टाइपचं गुणोत्तर ०.८०२, एलएचचं ०.८२, इतका फरक गाडी चालवून कळणार नाही. सोलेनॉइड (ओव्हरड्राइव्ह चालू-बंद करणारा विजेचा भाग) पाहा. डी-टाइपचा बाहेर, बाजूला उभा दिसतो. एलएचचा आत असतो.

ॲक्सलही पाहून घ्या. उघड्या गाडीला १९६७पर्यंत बँजो पद्धतीचा ॲक्सल होता : मागची बाजू गोल, अखंड, डिफरन्शियल पुढून निघतो. नळीच्या ॲक्सलला मागे बोल्टचं झाकण असतं. तो जीटीला (बंद छताच्या एमजीबीला) पहिल्यापासून आणि उघड्या गाडीला नंतर मिळाला. दोन्हींचं गुणोत्तर ३.९०९, म्हणजे ४३ आणि ११ दात, त्यामुळे मोजणीने फरक कळत नाही, आकारानेच कळतो. गाडीला तारांची चाकं असतील तर एक गोष्ट आणखी : त्यांचा ॲक्सल पत्र्याच्या चाकांच्या ॲक्सलपेक्षा अरुंद असतो. रुंद ॲक्सलवर बोल्टने बसवलेले हब लावून तारांची चाकं चढवली की टायर मडगार्डच्या आतल्या कडेला घासतो. तिथे घासलेली रेघ दिसली तर ॲक्सल बदललेला आहे, हे हब उतरवण्याआधीच कळतं.

प्रश्न : नंबरावर साठ वर्षांचा चिखल, तेल आणि रंग आहे. तो न दुखावता कसा काढायचा?

उत्तर : आधी तसाच फोटो काढा, आजूबाजूचा भाग दिसेल असा. रंगाचे थरही इतिहास सांगतात : ठशाच्या आतला रंग आणि बाजूचा रंग वेगळा असेल तर ठसा नंतरचा असू शकतो.

मग रॉकेल किंवा डिग्रीझर लावून अर्धा तास भिजू द्या. लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडा, नायलॉनच्या ब्रशने घासा. रंगासाठी जेलसारखा रिमूव्हर, दोन-तीन वेळा थोडा थोडा. वायर व्हील, पॉलिश पेपर, फाइल, वाळूचा मारा आणि आम्ल यांतलं काहीही नाही. वायर व्हीलने दहा सेकंदांत ब्रोचिंगच्या रेषा जातात आणि अस्सल ठसा खोट्यासारखा दिसू लागतो. मग तो खरा आहे हे कोणाला पटवणार? हा तोटा भरून येत नाही.

अंक पुसट असतील तर खोली अंधारी करा आणि टॉर्च पृष्ठभागाला जवळजवळ टेकवून, आडव्या कोनात धरा. एकदा डावीकडून, एकदा वरून. खडूची भुकटी बोटाने चोळली की खाचा पांढऱ्या होतात. पातळ कागद ठेवून मऊ पेन्सिलने छाप घ्या, तो कागद गाडीच्या फाइलमध्ये ठेवा. शेवटी हलक्या तेलाचा हात फिरवा, नाहीतर बिडावर दुसऱ्या दिवशी गंज चढतो.

क्लच प्लेट, ब्रेक शू आणि जुन्या गॅस्केटमध्ये त्या काळी ॲस्बेस्टॉस असे. तो भाग ओला करूनच हात लावा, योग्य मास्क घाला आणि हवेच्या नळीने धूळ कधीही उडवू नका.

प्रश्न : पोर्शे ९११च्या मॅग्नेशियमच्या क्रँककेसचा एक अर्धा भाग फुटला आहे. दुसऱ्या गाडीचा तसाच अर्धा घातला तर नंबर टिकेल का?

उत्तर : नंबर टिकेल, इंजिन टिकणार नाही. दोन्ही अर्धे भाग एकत्र बोल्टने आवळून बेअरिंगची भोकं कापली जातात. म्हणून दोन्हींवर जोडीचा एकच नंबर असतो. परका अर्धा घातला की भोकं एका रेषेत येत नाहीत. फुटलेला भाग मॅग्नेशियमचं वेल्डिंग जाणणाऱ्या माणसाकडून सांधून, मग जोडी पुन्हा लाइन-बोअर करून (भोकं एका रेषेत कापून) घेता येते. स्टडचे आटे गेले असतील तर ते इतकं गंभीर नाही. पोलादी इन्सर्ट बसवून काम होतं.

प्रश्न : माझ्या १९६९च्या कॉर्व्हेटच्या ब्लॉकवर 'सीई' आणि काही अंक आहेत, चासी नंबर नाही. हा बनावट ठसा आहे का?

उत्तर : नाही. १९६८पासून शेव्हरोले वॉरंटीत बदलून दिलेल्या ब्लॉकवर सीई आणि पुढे वर्षाचा अंक मारत असे. गाडी वॉरंटीत असतानाच तिचं पहिलं इंजिन बिघडलं असावं. वर्षाचा अंक, ओतणीची तारीख आणि वॉरंटीचा कागद मिळाला तर तो, तिन्ही जुळवून पाहा. जुळले तर त्या पट्टीवर आता चासी नंबर 'घालून देतो' म्हणणाऱ्याला गॅरेजच्या दारातूनच परत पाठवा. बऱ्याच देशांत तो गुन्हा आहे, आणि तुमच्याकडे आत्ता जो खरा ठसा आहे तोही त्यात जाईल.